जुन्या सवयीच्या जागी नवी सवय : पहिल्यांदाच प्रयत्न करणाऱ्यांसाठी

मराठीत सवयीला अनेक नावे आहेत आणि त्यांतला फरक ओळखता आला, तर पुढचे बरेच काम सोपे होते. पेनाचे टोपण चावणे, नखे कुरतडणे, बसल्या जागी पाय हलवत राहणे हा चाळा. समोरच्याचे बोलणे मध्येच तोडणे किंवा काम सुरू करण्याआधी उगाच दहा गोष्टी चाळत बसणे ही खोड. अंथरुणावर पडल्यावर तासभर मोबाइल पाहणे, कंटाळा आला की गोडाचा डबा उघडणे ही सवय. आणि शरीरालाच एखाद्या पदार्थाची गरज लागते, तो मिळाला नाही तर हात थरथरतात, झोप उडते, चिडचिड होते, तिथे व्यसन सुरू होते. हा लेख मुख्यतः पहिल्या तिन्हींविषयी आहे. व्यसनाबद्दल शेवटाकडे वेगळे लिहिले आहे, कारण त्यात काही वेळा एकट्याने केलेला प्रयोग जिवावर बेतू शकतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एक गोष्ट आधीच मान्य करावी, ती म्हणजे आपली वाईट सवय आपल्याला काहीतरी देत असते. ती निव्वळ मूर्खपणाची असती तर इतकी वर्षे टिकली नसती. ती जे देते ते दुसऱ्या, कमी घातक मार्गाने मिळण्याची सोय झाली नाही, तर रिकाम्या झालेल्या जागेत तीच सवय पुन्हा येऊन बसते. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये पर्याय निवडण्यापेक्षा सवय नेमके काय पुरवते, हे शोधण्यावर अधिक भर दिला आहे. बहुतेक लोक नेमकी हीच पायरी ओलांडून पुढे जातात.

नुसते ‘सोडतो’ म्हणून का भागत नाही

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी विद्यार्थ्यांना पाच मिनिटे मनात येईल ते बोलत राहायला सांगितले, मात्र पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि तो आलाच तर घंटी वाजवायची, अशी अट घातली. घंटी वाजत राहिली. पुढे त्याच विद्यार्थ्यांना अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक दिली, तेव्हा सुरुवातीपासूनच मोकळीक मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या मनात तो विचार अधिक वेळा आला. जी गोष्ट टाळायची ती टाळली जाते आहे ना, हे पाहण्यासाठी मनाला तिचीच आठवण जागी ठेवावी लागते. ‘आजपासून गोड नाही’ असे दिवसभर स्वतःला बजावणारा माणूस दिवसभर गोडाचाच विचार करत असतो.

दुसरे कारण मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. एखादी कृती त्याच ठिकाणी, त्याच प्रसंगी वारंवार झाली की तिचा ताबा विचारपूर्वक निर्णय घेणाऱ्या यंत्रणेकडून हळूहळू मेंदूच्या आतल्या भागातील ‘बेसल गँग्लिया’ या केंद्रसमूहाकडे सरकतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अ‍ॅन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उंदरांवरील निरीक्षणे मांडली. चक्रव्यूहातील वाट अंगवळणी पडल्यावर या भागातील पेशींची हालचाल कृतीच्या आरंभी आणि शेवटी एकवटत असे, आणि मधला भाग जणू एकसंध तुकडा होऊन आपोआप पार पडत असे. खाऊ देणे बंद केल्यावर हा आकृतिबंध विरला. खाऊ पुन्हा सुरू होताच तो लगोलग परतला, याचा अर्थ तो पुसला गेलेला नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण इथे जवळजवळ अक्षरशः लागू पडते. व्हरमाँट विद्यापीठातील मार्क बाउटन यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून हेच वेगळ्या बाजूने दाखवले आहे. जुने शिकलेले नष्ट होत नाही, त्यावर नवे शिकलेले येऊन बसते, आणि हे नवे ज्या परिस्थितीत शिकले तिच्याशी ते बरेच बांधलेले राहते.

तिसरे कारण मला सर्वांत बोलके वाटते. २०११ मध्ये डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी चित्रपटगृहात आलेल्या काही जणांना ताजे, तर काहींना सात दिवसांचे शिळे पॉपकॉर्न दिले. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय होती, त्यांनी शिळे पॉपकॉर्नही ताज्याइतकेच खाल्ले, आणि तेही ते आवडले नाहीत असे सांगून. तेच शिळे पॉपकॉर्न सभेच्या खोलीत दिले तेव्हा मात्र सवयीच्या माणसांनीही ते कमी खाल्ले. म्हणजे हात चवीमुळे चालत नव्हता, त्याला चालवणारी ती अंधारी जागा होती. या प्रयोगातली आणखी एक बाब पुढे उपयोगी पडणार आहे : नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितले, तेव्हा चित्रपटगृहातही ही यांत्रिकता मोडली.

पहिली पायरी : आठवडाभर काहीही बदलू नये

हे विचित्र वाटेल, पण पहिल्या सात दिवसांत सवय सोडण्याचा प्रयत्नच करू नये. फक्त नोंद ठेवावी. वेंडी वुड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दिवसातून दर तासाला, त्या क्षणी आपण काय करत आहोत आणि मनात काय आहे, हे लिहायला सांगितले होते. त्यांच्या कृतींपैकी साधारण ४३ टक्के कृती जवळपास रोज आणि त्याच परिस्थितीत होणाऱ्या होत्या, आणि अशा कृती चालू असताना त्यांचे मन बहुतेकदा दुसरीकडेच असे. जे करताना आपण तिथे नसतोच, ते आठवणीतून नीट सांगता येणार नाही. त्यासाठी जागच्या जागी लिहावे लागते.

नोंद लहान असावी, नाहीतर तिसऱ्या दिवशी ती बंद पडते. खिशात मावणारी वही पुरे. प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहाव्यात : वेळ आणि जागा, त्याच्या लगेच आधी काय चालले होते, त्या क्षणी शरीरात किंवा मनात काय जाणवत होते, आणि कृती झाल्यावर काय हलके झाले. चौथा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात किंवा ‘काही नाही, वाईट वाटले’ असे लिहितात. वाईट नंतर वाटते. त्याआधीच्या पाच-दहा सेकंदांत काय झाले, ते लिहायचे आहे.

एक नमुना पाहा. ‘रात्री ११.२०, अंथरुणावर. आधी दिवा बंद केला. उद्याच्या बैठकीचे विचार सुरू झाले, छातीत किंचित धडधड. मोबाइल उघडल्यावर विचार थांबले.’ या एका नोंदीतच पुढच्या उपायाची दिशा आहे. याउलट ‘रात्री मोबाइल पाहिला, पन्नास मिनिटे’ अशी नोंद हिशेबापुरतीच कामाची.

चाळ्यांच्या बाबतीत अडचण अशी, की कृती सुरू झाल्याचे कळतच नाही. नेथन अझ्रीन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये नखे खाणे, अंगठा चोखणे, पापण्यांचे केस उपटणे अशा चाळ्यांसाठी जी उपचारपद्धती मांडली, तिची सुरुवात याच जागृतीपासून होते. ती कृती आरशासमोर सावकाश करून पाहायची, हात नेमका कुठून निघतो, कोणता स्नायू आधी ताणला जातो, बोट ओठांजवळ येण्यापूर्वी कुठे रेंगाळते, हे टिपायचे. मला स्वतःला नखे कुरतडण्याचा चाळा होता आणि मी तो दातांपासून सुरू होतो असे समजत होतो. प्रत्यक्षात अंगठा आधी बाकीच्या बोटांच्या नखांच्या कडा चाचपडत असे, आणि एखादी खडबडीत कड सापडली की मगच हात तोंडाकडे जात असे. हे कळायला पाच दिवस लागले. त्यानंतर कानस खिशात ठेवणे हा अर्धा उपाय ठरला.

आणखी एक : या आठवड्यात सवयीचे प्रमाण आपोआप थोडे घटते, कारण पाहणारा डोळा मध्ये आलेला असतो. त्याला यश समजून नोंदी थांबवू नयेत.

दुसरी पायरी : सवय काय देते, ते ओळखावे

आठव्या दिवशी नोंदी एकत्र वाचाव्यात. त्यांत एकच एक निमित्त सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये. बहुधा दोन-तीन गट दिसतात. संध्याकाळी घरी परतल्यावर लगेच गोड खाणाऱ्याच्या वहीत काही नोंदी खऱ्या भुकेच्या निघतात, कारण दुपारचे जेवण होऊन सहा तास झालेले असतात. काही नोंदी दिवसभराच्या तणावातून घरात पाय टाकल्याच्या, ‘आता काम संपले’ असे स्वतःला जाहीर करण्याच्या असतात. आणि काही केवळ डबा समोर दिसल्याच्या. बाहेरून तिन्ही वेळी एकच कृती दिसते, पण ती तीन वेगवेगळी कामे करत असते, आणि तीन कामांना एक पर्याय पुरत नाही.

सवयी जे पुरवतात त्याचे प्रकार फार नाहीत. काही सवयी ताण उतरवतात. काही कंटाळ्यात चुरचुरीतपणा आणतात, म्हणजे मन जागे करतात. काही हातांना किंवा तोंडाला नुसते काम देतात. काही माणसांत मिसळायला निमित्त देतात : धूम्रपानासाठी बाहेर जाणाऱ्या कित्येकांना धुराइतकीच त्या पाच मिनिटांच्या गप्पांची ओढ असते. काही सवयी एक काम संपून दुसरे सुरू होण्याच्या मधल्या उंबरठ्यावर बसलेल्या असतात, आणि त्यांचे काम केवळ विराम देणे हे असते. आणि काही एखादी नकोशी गोष्ट पुढे ढकलतात. ही शेवटची जात ओळखायला सर्वांत अवघड, कारण तिच्यात मिळणारे काही दिसत नाही, टळणारे असते. कामाचा कागद उघडला की लगेच बातम्या पाहायला वळणाऱ्या माणसाला बातम्यांत रस असतोच असे नाही, त्याला त्या कागदापासून दहा मिनिटे दूर राहायचे असते.

आपला प्रकार कोणता, याबद्दल जो अंदाज येईल तो लगेच खरा मानू नये, तपासून पाहावा. पद्धत सोपी आहे. समजा रात्रीच्या मोबाइलबद्दल तीन शक्यता वाटतात : उद्याच्या चिंतेपासून सुटका, दिवसभरात स्वतःसाठी न मिळालेला वेळ, किंवा केवळ झोप न आल्याने हाताला लागलेला चाळा. पहिले तीन दिवस झोपण्याच्या अर्धा तास आधी उद्याची सगळी कामे आणि काळज्या कागदावर उतरवून पाहाव्यात. पुढचे तीन दिवस जेवणानंतर वीस मिनिटे पूर्णपणे स्वतःच्या आवडीच्या गोष्टीसाठी, दार लोटून, काढून पाहावीत. त्यापुढचे तीन दिवस झोप येईपर्यंत अंथरुणावर पडायचेच नाही, खुर्चीत बसून छापील काहीतरी वाचायचे. प्रत्येक वेळी, मोबाइलकडे हात जाण्याची ओढ कितपत आहे, तिला शून्य ते दहा असा आकडा द्यावा. ज्या तीन दिवसांत आकडा ठळकपणे खाली येतो, तिथे खरी गरज दडलेली आहे. आकडा कुठेच हलला नाही, तर शक्यता चुकीच्या होत्या, माणूस नव्हे. मग नोंदींकडे परत जावे.

इथे घाई करू नये असे मी आग्रहाने सांगतो, कारण चुकीच्या गरजेसाठी शोधलेला उत्तम पर्यायही आठवड्यात गळून पडतो, आणि माणूस मात्र स्वतःच्या मनाच्या दुबळेपणाला दोष देत बसतो. ताण उतरवण्यासाठी ओढल्या जाणाऱ्या सिगारेटऐवजी तोंडात लवंग धरायला सांगितले, तर तोंडाला काम मिळते, पण ताण तसाच राहतो. ज्याची गरज खरोखर तोंडाला काहीतरी हवे इतकीच होती, त्याला मात्र तीच लवंग पुरेशी ठरते. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेला उपाय आपल्याला लागू पडेलच असे नाही, आणि त्यात कोणाचाही कमीपणा नाही.

तिसरी पायरी : पर्याय निवडावा

गरज कळल्यावर पर्याय सुचायला वेळ लागत नाही. सुचलेल्यांपैकी निवडताना चार कसोट्या लावाव्यात.

पहिली, तो त्याच क्षणी आणि त्याच जागी करता आला पाहिजे. कार्यालयात ताण आल्यावर ‘अर्धा तास पोहायला जाणे’ हा पर्याय नव्हे, चांगला बेत आहे. जिना उतरून चढणे किंवा दहा सावकाश श्वास, ज्यांत श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा अधिक असेल, हा पर्याय आहे. दुसरी, त्याचे फळ लगेच मिळाले पाहिजे. सवय पक्की होण्यासाठी बक्षीस कृतीला खेटून यावे लागते, सहा महिन्यांनी वजन कमी होण्याचे बक्षीस मेंदूच्या या यंत्रणेला फार लांबचे असते. तिसरी, चाळ्यांपुरती : पर्याय शारीरिकदृष्ट्या जुन्या कृतीला अशक्य करणारा असावा. अझ्रीन आणि नन यांच्या पद्धतीत नखांकडे हात वळू लागताच मूठ आवळायची किंवा हातातली वस्तू घट्ट धरायची आणि ती एक ते तीन मिनिटे तशीच ठेवायची असते. मूठ आवळलेली असताना नखे खाता येत नाहीत, आणि चारचौघांत ती कोणाच्या लक्षातही येत नाही. चौथी, पर्याय पुढे जाऊन स्वतःच डोईजड होणारा नसावा. धूम्रपान सोडून गोळ्या-चॉकलेटांवर आलेली, किंवा खाणे सोडून रात्रभराच्या ऑनलाइन खरेदीत शिरलेली माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. काही काळ थोडे गोड खाऊन सिगारेट सुटत असेल, तर तो सौदा फायद्याचाच आहे, हेही सांगितले पाहिजे.

पर्याय जुन्या सवयीइतका चविष्ट नसतो. हे सुरुवातीलाच स्वीकारले तर तिसऱ्या दिवशी येणारी निराशा बोचत नाही. त्याने जुन्या सवयीच्या साठ टक्के काम केले तरी पुरे, उरलेले काम पुनरावृत्ती करते.

एकाच वेळी दोन-तीन सवयी बदलायला घेऊ नयेत.

चौथी पायरी : एक वाक्य लिहावे

‘मी कमी मोबाइल पाहीन’ हा संकल्प झाला. त्यातून हाताला काही कळत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९० च्या दशकात ‘जर-तर’ या स्वरूपाच्या नियोजनाचा अभ्यास केला : जर अमुक प्रसंग आला, तर मी तमुक करीन. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले, आणि असे नियोजन केल्याने उद्दिष्ट गाठण्यास मध्यम ते मोठ्या प्रमाणात मदत होते, असा निष्कर्ष निघाला. कारण समजण्यासारखे आहे. निर्णय आधीच घेऊन तो एका दृश्य प्रसंगाला बांधून ठेवलेला असतो, त्यामुळे मोहाच्या क्षणी विचार करण्याची वेळच येत नाही.

वाक्यात ‘जर’ नंतर येणारा प्रसंग वहीतून घ्यावा, कल्पनेतून नाही. ‘जर मला ताण आला’ यापेक्षा ‘जर दिवा बंद केल्यावर उद्याचे विचार सुरू झाले’ हे कितीतरी चांगले, कारण ताण आल्याचे बऱ्याचदा उशिरा कळते, दिवा बंद केल्याचे लगेच कळते. आणि ‘तर’ नंतर करायची गोष्ट यावी, न करायची नव्हे. नेदरलँड्समधील मारिके आद्रियान्से आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की ‘जर अमुक झाले तर मी तमुक खाणार नाही’ अशा नकारार्थी वाक्याने जुनी सवय उलट अधिक जागी होऊ शकते. पांढरे अस्वल इथेही आहेच. वरच्या उदाहरणात पूर्ण वाक्य असे होईल : ‘जर दिवा बंद केल्यावर उद्याचे विचार सुरू झाले, तर मी उठून टेबलावरच्या कागदावर ते लिहून काढीन आणि मगच पुन्हा आडवा होईन.’

वाक्य लिहिल्यावर ते एकदा प्रत्यक्ष करून पाहावे, म्हणजे दिवसा, मोह नसताना, दिवा बंद करून, उठून, कागदापर्यंत जाऊन. नाटकाची तालीम वाटेल, आणि आहेही तीच. तालमीत कळते की टेबलावर पेन नव्हते.

पाचवी पायरी : जुन्या वाटेत काटे, नव्या वाटेवर पायघड्या

याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जुनी कृती वीस-तीस सेकंदांनी लांबवता आली तरी फरक पडतो : मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा आणि गजरासाठी साधे घड्याळ घ्यावे, डबा वरच्या फळीवर, अपारदर्शक, इतर डब्यांच्या मागे ठेवावा, मोह पाडणारे अ‍ॅप प्रत्येक वापरानंतर लॉगआउट करावे. नव्या कृतीचे साहित्य मात्र निमित्ताच्या जागीच असावे, हात लांब करावा लागला तरी ते लांबच झाले. काही टाळताच येत नसेल, तर पॉपकॉर्नच्या प्रयोगातला दुसरा हात आठवावा. मोबाइल डाव्या हातात धरणे, चमचा बदलणे, बसण्याची जागा बदलणे अशा किरकोळ गैरसोयींनीही कृती पुन्हा जाणिवेत येते आणि थांबण्यासाठी एक फट मिळते.

घरातल्यांना सांगावे की नाही? ज्यांच्या कृतीमुळे निमित्त निर्माण होते त्यांना सांगावेच, आणि नेमके काय हवे ते सांगावे. बाकीच्यांना सांगितल्याने टोमणे मिळण्याची शक्यता अधिक, असा माझा अनुभव आहे.

ओढ लागते तेव्हाची काही मिनिटे

पर्याय करूनही ओढ उरते, विशेषतः पहिल्या पंधरवड्यात. तिच्याशी झटापट केली की ती मोठी होते, आणि तिच्या मागे गेले की सवय पुन्हा होते. वॉशिंग्टन विद्यापीठातील अ‍ॅलन मार्लट यांनी व्यसनमुक्तीच्या कामातून तिसरा मार्ग सुचवला : ओढ ही लाट समजून तिच्यावर तरंगत राहायचे. ती शरीरात कुठे जाणवते, घशात, पोटात की बोटांत, तिचा जोर वाढतो आहे की ओसरतो आहे, हे कुतूहलाने पाहत राहायचे. ओढ चढत चढत कायमची तशीच राहील असे वाटते, पण ती बहुतेकदा काही मिनिटांत उतरते. घड्याळ लावून बसावे. पहिल्यांदा ती आपोआप उतरलेली पाहिली, की दुसऱ्यांदा तिची भीती निम्मी होते.

किती दिवस लागतात, आणि एखादा दिवस चुकला तर

२१ दिवसांचा आकडा सर्वत्र ऐकू येतो. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान साधारण २१ दिवस लागतात, असे त्यांनी नोंदवले होते. त्यातला ‘किमान’ गळाला, चेहराही गळाला, आणि आकडा तेवढा उरला.

प्रत्यक्ष मोजमाप युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक नवी कृती रोजच्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडून ८४ दिवस करून पाहिली. ती आपोआप होऊ लागण्याच्या पातळीला पोहोचण्याचा मध्यवर्ती काळ ६६ दिवस निघाला, पण माणसामाणसांतील अंतर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होते (८४ दिवसांपुढचे आकडे प्रत्येकाच्या प्रगतीच्या आलेखावरून काढलेले अंदाज आहेत). पाणी पिण्यासारखी सोपी कृती लवकर बसली, व्यायामाला बराच अधिक वेळ लागला. ध्यानात ठेवावे, की हा अभ्यास नवी सवय लावण्याचा होता. जिथे आधी जुनी सवय बसलेली आहे, तिथे अधिक वेळ धरूनच चालावे. तीन महिने ही मुदत मला व्यवहार्य वाटते.

त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष नवख्यांसाठी अधिक मोलाचा आहे : एखादी संधी हुकली तरी सवय बसण्याच्या प्रक्रियेवर लक्षणीय परिणाम झाला नाही. पडझड होते ती हुकलेल्या दिवसामुळे नव्हे, त्यानंतरच्या विचारामुळे. मार्लट यांनी या विचाराचा खास अभ्यास केला. ‘एक खाल्लेच आहे, आता नियम मोडलाच, मग सगळेच खाऊ’ असे म्हणत माणूस एका चुकीचे रूपांतर पूर्ण माघारीत करतो. म्हणून चुकलेल्या दिवसासाठीही आधीच एक जर-तर वाक्य लिहून ठेवावे : ‘जर एखाद्या रात्री मोबाइल घेतलाच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत चार रकाने भरीन आणि त्या रात्री कागद-पेन उशाशी ठेवीन.’ शिक्षा, उपास, दुप्पट व्यायाम असले काही त्यात घालू नये. सलग दिवस मोजणाऱ्या खुणांच्या तक्त्याबद्दलही मी थोडा साशंक आहे, कारण चाळीस दिवसांची माळ तुटली की अनेकांना पुन्हा एकपासून मोजण्याचा उबग येतो. महिन्यातून किती दिवस जमले, एवढेच मोजलेले बरे. ‘३० पैकी २४’ ही संख्या एका चुकीने शून्य होत नाही.

जिथे एकट्याने करू नये

रोज भरपूर मद्यपान करणाऱ्याने ते एकदम बंद केल्यास झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात आणि ते प्राणघातकही ठरू शकतात. झोपेच्या किंवा चिंता कमी करणाऱ्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतलेल्यांनाही त्या अचानक थांबवल्यास असाच धोका असतो. इथे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच प्रमाण कमी करावे. तंबाखू सोडताना जिवाला असा धोका नसतो, पण निकोटिन बंद झाल्यावर येणारी चिडचिड, अस्वस्थता, एकाग्रता न होणे यांचा जोर पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत तो ओसरतो. निकोटिनचे च्युइंगगम, पॅच आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे यांनी सुटण्याची शक्यता वाढते, त्यांचा आधार घेणे हा पळपुटेपणा नाही. केस उपटण्याने टक्कल पडू लागले असेल, त्वचा खरवडून जखमा होत असतील, किंवा खाणे आणि नंतर ते बाहेर काढणे असे चक्र सुरू असेल, तर तो चाळा किंवा सवय राहिलेली नसते. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे.

जागा बदलते तेव्हा

वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. ज्यांच्या कृतीची परिस्थिती बदलली, त्यांच्या व्यायामाच्या, वर्तमानपत्र वाचण्याच्या, दूरचित्रवाणी पाहण्याच्या सवयी ढिल्या झाल्या, आणि कृती पुन्हा त्यांच्या इराद्याप्रमाणे होऊ लागल्या. याची एक बाजू फायद्याची आहे. घर बदलणे, नवी नोकरी, लांबची सुट्टी अशा वेळी जुनी निमित्ते काही काळ गायब असतात, त्या पहिल्या काही दिवसांत पर्याय रुजवणे सोपे जाते. सामान लावतानाच मोबाइलची चार्जिंगची जागा ठरवावी, नंतर ठरवू म्हटले की ती उशाशीच ठरते.

दुसरी बाजू सावध करणारी आहे. नवी चांगली सवयही त्याच न्यायाने ढिली होते, आणि जुन्या जागी परतल्यावर जुना पीळ पुन्हा वळू लागतो. कित्येक महिने नखांना हात न लावलेला माणूस ज्या वर्गात ती खायला शिकला, त्या वर्गात परीक्षेसाठी बसला की पाच मिनिटांत बोट तोंडात असते. प्रवासाला निघण्यापूर्वी आणि परतण्यापूर्वी ‘तिथे निमित्त कोणते असेल’ याचे एक नवे जर-तर वाक्य लिहावे. आणि पहिल्या आठवड्याच्या नोंदींची वही टाकून देऊ नये. वर्षभराने सवय वेगळ्या वेशात डोकावली, तर तिचे निमित्त बहुधा त्याच पानांत, चौथ्या रकान्यात, आधीच लिहिलेले सापडते.